जनूभाऊंच्या तीन घोड्या

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मी जनावरांची डॉक्टर म्हणून नोकरी केली आणि आता शेणव्याला घरी बसले आहे, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात सकाळी दार उघडलं की समोरच्या बुद्धविहाराच्या ओट्यावर कुणीतरी शेळी घेऊन बसलेलं असतंच. मी रिटायर झाले आहे, दवाखान्यात जा, असं एकदा एका बाईला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, रिटायर तुमी झाल्या. बकरी कुठं झालीय?" मी शेळी तपासली.

आमच्या भागातलं काम म्हणजे मुख्यतः म्हशी, बैल, शेळ्या आणि गावठी कोंबड्या. घोडा क्वचित. कॉलेजात घोड्यावर जे शिकवलं ते आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं आणि परीक्षेच्या हॉलमध्येच ठेवून आलो. त्यामुळे सुरुवातीला घोड्याचा निरोप आला की मी आधी कॉलेजची जुनी पुस्तकं चाळायचे. तानसा तलावाच्या बाजूच्या एका फार्महाऊसवरून एकदा फोन आला, घोडा सारखा लोळतोय. जाऊन बघते तर आदल्या दिवशी मालकाच्या मुलाचा वाढदिवस झालेला, आणि पाहुण्यांनी हौसेने घोड्याला केक भरवलेला. नाकातून नळी घातली, औषध दिलं आणि सांगितलं, याला हळूहळू फिरवत राहा. थोड्या वेळाने पाहिलं तर मालकाने स्वतःचं पावलं मोजायचं घड्याळ घोड्याच्या पायाला बांधलं होतं. "मॅडम, टार्गेट किती ठेवू?" असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. लीद टाकली की टार्गेट पूर्ण, असं मी सांगितलं, आणि घोड्याने ते संध्याकाळच्या आत पूर्ण केलं.

अशी हसण्यावारी नेण्याजोगी प्रकरणं बरीच आहेत. पण मला घोड्यांची डॉक्टर केलं ते जनूभाऊंच्या घोड्यांनी.

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला आत एक गाव आहे. तिथे जनूभाऊंची भातशेती, आणि तुळशीच्या लग्नानंतर वरातींचा धंदा. त्यांच्याकडे तीन घोड्या होत्या. मोगरा ही पांढरीशुभ्र, वयाने मोठी, कानाशी फटाका वाजला तरी पापणी न हलवणारी. नवरदेव बसायचा तो तिच्यावरच. बिजली नाचायची. ढोल सुरू झाला की पुढचे पाय उचलून असा काही ठेका धरायची की पोरं नवरदेवाला विसरून तिचेच व्हिडिओ काढत. तिसरी चंपा, ती जनूभाऊंची नव्हे. घाटाच्या वर जुन्नरकडे त्यांचे साडू दिलीपराव राहतात, त्यांची ती घोडी. घाटाखाली गवत भरपूर, म्हणून गाभण असताना त्यांनी ती इकडे आणून सोडली. बोली अशी, की चंपाला जनूभाऊंनी पोसायचं, पुढे वरातीला वापरायचं, आणि पहिलं शिंगरू दिलीपरावांचं.

हिवाळ्यात एका दुपारी जनूभाऊंच्या बायकोचा, मंदावहिनींचा फोन आला. "मॅडम, बिजलीचे मागचे पाय गेले. मी फोन केला तो यांना सांगू नका."

मी सहज आल्यासारखी गेले. बिजली अंगणात कुत्र्यासारखी बसली होती. पुढचे पाय ताठ, मागचं सगळं अंग जमिनीला टेकलेलं, शेपटी दोरीसारखी लुळी, आणि लघवी थेंब थेंब गळत होती. ती उठायला बघायची, पुढून उचलली जायची आणि मागून कोसळायची. जनूभाऊ तिच्या मानेला धरून उकिडवे बसले होते. डॉक्टर दिसल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर बिलकूल नव्हता.

पाय गेलेलं जनावर दिसलं की आमच्या डोक्यात पहिली येते ती पिसाळी, म्हणजे कुत्रा चावून होणारी. म्हणून आधी हातमोजे घातले, जबडा बघितला, गिळता येतंय का बघितलं, चावल्याची खूण शोधली. तसं काही नव्हतं. घोड्यांना माशीमुळे रक्तात एक जंतू होतो, त्यानेही झोकांड्या जातात. त्याचीही लक्षणं दिसेनात.

"ताप होता का हिला?"

"अंग जरा गरम होता. उतरला तो."

"तिघींतली कुणी गाभडली, दिवस भरायच्या आधी टाकलं कुणी?"

"छ्या!" जनूभाऊ म्हणाले. मंदावहिनी मात्र अंगणातल्या उंबराकडे बघत होत्या. म्हणून मीही तिकडे पाहिलं. एका फांदीला खताची गोणी बांधलेली होती आणि तिच्याभोवती माश्या घोंघावत होत्या.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे गाय किंवा म्हैस व्याली की तिचा जार, म्हणजे वासरामागून पडणारी वार, गोणीत भरून चीक असलेल्या झाडाला, वडाला किंवा उंबराला, उंच बांधतात. कुत्र्यांनी ओढू नये, आणि झाडाला जसा चीक तसं जनावराला दूध यावं. माझ्या माहेरीही बांधत, त्यामुळे मला त्यात काही हसण्यासारखं वाटत नाही. वहिनींनी मग सगळं सांगितलं. चंपाने दिवस भरायच्या आधी मेलेलं शिंगरू टाकलं. जनूभाऊंनी शिंगरू पुरलं आणि पुढच्या खेपेला तरी तिला यश यावं म्हणून जार रीतसर उंबराला बांधला. घोडीचा जार बांधायची काही रीत नाही, पण त्यांनी मायेपोटी तिला गाईचा मान दिला. अडचण एवढीच, की अंगणात गार सावली उंबराचीच. दुपारी तिघी तिथेच बांधलेल्या असत, पाण्याचं टाकंही तिथेच, आणि गोणी वरून ठिबकत होती.

"किती दिवस झाले?"

"धा-बारा," मंदावहिनी म्हणाल्या.

सगळं जुळलं. गोणी मी स्वतः उतरवली, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली, टाकं रिकामं करून घासून घेतलं आणि तिघींना तीन कोपऱ्यांत वेगळं केलं.

हा रोग हर्पीस नावाच्या विषाणूचा. त्याचं कुळ आपल्या ओळखीचं आहे. लहानपणी कांजिण्या येतात, बऱ्या होतात, माणूस विसरून जातो. मग उतारवयात, शरीर थकलेलं असताना, कमरेभोवती नागीण उठते. ती बाहेरून आलेली नसते, त्याच कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी जन्मभर झोपलेला असतो. घोड्यांचा हर्पीस याच कुळातला. माणसाला आणि गुरांना त्याची भीती नाही, पण घोड्याला एकदा शिवला की तो जन्माचा सोबती होतो.

तो शिरतो नाकातून. शिंगराला नुसती सर्दी होते. मोठ्या घोडीला दोन दिवस ताप येतो, तोही कधी कळत नाही. शरीराचे रखवालदार म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्या याला पकडायला धावतात, आणि हा लबाड त्यांच्याच आत जाऊन बसतो. रोगी पेशी एरवी आपल्या अंगावर पाटी लावते, की माझ्या आत चोर आहे, मला मारा. हा विषाणू ती पाटीच उतरवतो. मग तो उघड्या रक्तात न उतरता एका पेशीतून शेजारच्या पेशीत सरकतो, त्यामुळे रक्तात प्रतिकारद्रव्य असूनही त्याला गाठू शकत नाही. अशी पेशींची सवारी करत तो गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत पोचला तर तिथे गुठळ्या होतात आणि घोडी कसलीही सूचना न देता शिंगरू टाकते. पाठीच्या कण्यात पोचला तर मागचे पाय जातात. आणि कुठेच नाही पोचला तरी नसांत आणि पेशींत गपचूप निजतो. निजलेला असताना तो काहीच करत नाही, म्हणून शरीराला सापडतही नाही. पुढे लांबचा प्रवास, दगदग, गाभणपण, असं काही झालं की जागा होतो आणि नाकावाटे बाहेर पडतो. त्या वेळी घोडी वरून ठणठणीत दिसू शकते. लस आहे, पण पाय जाण्यापासून ती खात्रीने वाचवत नाही. इतका शहाणा जंतू मी नोकरीत दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग येतो.

जनूभाऊंना यातलं "लागण" एवढंच ऐकू आलं. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि साडूला अंगणभर ऐकू जाईल असं सुनावलं. "रोगी घोडी माझ्या गळ्यात मारलीस! माझी बिजली पडली, आता तुझा नि माझा संबंध संपला!" मंदावहिनींची धाकटी बहीण सुमी दिलीपरावांना दिलेली. त्यांच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलेलं. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मग रक्ताचा प्रश्न आला. मी सुई काढली तशी जनूभाऊंनी माझा हात धरला. "रक्त नाय द्यायचा, मॅडम. रक्त नेतात, मंग तिकडून फोन येतो, आनि मंग सुई टोचून मारतात. मला म्हाईत हाय."

त्यांची माहिती खोटी नव्हती. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा एक रोग होतो, तो माणसालाही जीवघेणा ठरतो. तो निघाला तर कायद्याने घोडा मारावा लागतो. ही गोष्ट घोडेवाल्यांत अशी पसरली आहे की डॉक्टरची बॅग दिसली तरी लोक घोडी रानात नेऊन बांधतात. मी म्हटलं, "मला तो वाटत नाही. पण निघाला तर मी तुमच्या घोड्या वाचवू शकणार नाही, हे आत्ताच सांगते. आणि रक्त नाही दिलंत तर बिजलीला काय झालंय हे नक्की न कळता मी नुसते अंदाज करत बसेन."

त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाले, "आधी मोगराचा नका घेऊ. बिजलीचा घ्या." तेव्हा मला वाटलं, पडलेल्या घोडीची घाई असेल.

तिघींचं रक्त आणि नाकात फिरवलेले कापसाचे बोळे बर्फात घालून मी पुण्याला पाठवले. आता खरी लढाई उरली होती. या रोगावर नेम धरून मारता येईल असं औषध माझ्या बॅगेत नव्हतं. सूज कमी करायची, मूत्राशय नळीने रिकामं करायचं, लीद हाताने काढायची आणि घोडीला सारखं कुशीवरून कुशीवर वळवायचं. घोडा हे एकाच कुशीवर पडून राहायचं जनावर नाही. त्याच्याच वजनाने खालचे स्नायू मरतात, कातडी सडते, फुप्फुसं भरतात. उभा राहणारा घोडा बहुधा वाचतो, पडलेल्याची आशा दिवसागणिक कमी होते. बिजलीला पट्ट्यांत उचलून दिवसातून थोडा वेळ तरी पायांवर टेकवणं भाग होतं, आणि त्याला घोड्याची समज असलेली माणसं हवी होती. गावातून कुणी येईना. रोग माणसाला लागत नाही असं मी ओरडून सांगितलं, पण लोक कुंपणापर्यंत यायचे, मान हलवायचे आणि जायचे.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर अंगणात एक टेम्पो उभा. दिलीपराव चेन-पुली, ट्रकचा माल बांधायचे रुंद पट्टे आणि दोन गडी घेऊन घाट उतरून आले होते. त्यांना पाहून जनूभाऊ घरात जाऊन बसले होते. मी वहिनींकडे पाहिलं. "मी सुमीला फोन केला," त्या म्हणाल्या. "तिला म्हटला, तुझ्या नवऱ्याला शिव्या दिल्या यांनी, पन घोडीचा काय चुकला? ती म्हनली, पाठवते."

बिजलीला उचलायची वेळ झाली तसे जनूभाऊ बाहेर आले. दोघे साडू एकमेकांशी अक्षरही बोलत नव्हते, सगळं बोलणं बिजलीमार्फत चालायचं.

"बिजले, सांग यांना, पट्टा छातीला काचतोय."

"बिजली, तुझ्या मालकाला म्हनावं, दिसतंय मला. डोळं हायेत."

मधे उभी राहून मी नळी घालत होते आणि हसू दाबत होते. पण हात मात्र दोघांचे एकाच लयीत चालत होते. एकाने मान सांभाळली की दुसऱ्याने न सांगता खांद्याखाली गवत सरकवावं. अशी माणसं मी शोधून आणली असती तरी मिळाली नसती.

आठवड्याच्या आत पुण्याहून फोन आला. ग्लँडर्स नाही. बिजली आणि चंपा, दोघींच्या नाकात हर्पीस सापडला. मोगराच्या रक्तात त्याच्या खुणा होत्या. बिजली तेव्हाही पट्ट्यांत लटकलेली, मागचे खुर जमिनीला नुसते टेकत होते. मी सगळ्यांना अहवाल सांगितला. जनूभाऊ भिंतीला टेकून खाली बसले.

"म्हंजे चंपानंच आनला ना?" त्यांनी विचारलं.

"रक्त ते सांगत नाही," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. "चंपा तो अंगात घेऊन आली असेल. नाहीतर तो इथेच कुणाच्या तरी अंगात निजलेला असेल, सिझनच्या धावपळीत जागा झाला असेल, आणि चंपालाच इथे लागला असेल. आता सांगणं अवघड आहे."

इथे प्रकरण मिटलं असतं. जनूभाऊंनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर चंपा कायमची गुन्हेगार ठरली असती आणि त्यांना कुणी काही विचारलं नसतं. शिवाय समोर चेन-पुलीची साखळी दिलीपरावांच्या हातात होती. ते आणि त्यांचे गडी निघून गेले असते तर बिजली त्या दिवशीच जमिनीवर आली असती, आणि मग पुन्हा उठली नसती. हे जनूभाऊंना माझ्याइतकंच कळत होतं.

तरी ते बोलले. "मोगरा गाभडली होती. दोन वर्सांमागं. शिंगरू मेलेलाच पडला, असाच, दिवस भरायच्या आधी. वढ्याला नेऊन पुरला. मी कुनाला सांगितला नाय. हिला पन शपथ घातली."

"का?" मी विचारलं.

"नवरदेवाची घोडी हाय ती, मॅडम. पोर गेलेली घोडी हाय असा कळला तर कोन आपला पोरगा तिच्यावर बसवंल? अपशकुन म्हनतील." मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते दिलीपरावांकडे बघून बोलले. "तुमचा शिंगरू माझ्या घरच्या रोगानं गेला. चंपा चांगलीच होती. मला तो गोनी उतरवली तवाच कळला होता. शिव्या मी तो झाकायलाच दिल्या."

दिलीपरावांनी साखळी खुंटीला अडकवली, टेम्पोची फळी खाली पाडली आणि चंपाला सोडायला गेले. मला मधे पडावं लागलं. "तिला नेता येणार नाही. हा रोग घाटावर जाईल. महिनाभर तरी इथून एकही घोडी हलणार नाही."

ते टेम्पोच्या फळीवर जाऊन बसले. मंदावहिनींनी पुढे केलेला चहा तसाच गार झाला. त्या शिंगरावर त्यांनी किती जीव लावला होता ते मला तेव्हा समजलं, कारण त्या राकट माणसाचे डोळे भरले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. जनूभाऊ साखळीपाशी एकटे उभे होते. बिजलीला पट्ट्यांतून उतरवायची वेळ टळून चालली होती, आणि ते एकट्याचं काम नव्हतं. मी पुढे होणार तेवढ्यात दिलीपराव उठले आणि बिजलीच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"मान धरा, पाव्हणं," ते म्हणाले. "सावकाश सोडा. मी हाय हितं."

ते बिजली उठेपर्यंत राहिले. एका सकाळी पट्टे ढिले केले तर ती खाली गेली नाही. मागचे पाय थरथरत होते, पण तिने ते स्वतः पसरून जमिनीत रोवले होते. घोडं बिचकेल म्हणून कुणी ओरडलं नाही. मंदावहिनी दारातच बसल्या आणि रडायला लागल्या. मीही रडले, नोकरीत रडायचं नाही हा माझा नियम असूनही.

बिजली पुढे नीट चालू लागली, पण नाचली नाही. ढोल ऐकला की पुढचे पाय उचलायला जाते आणि मागून डगमगते, म्हणून जनूभाऊ तिला वरातीला नेत नाहीत. याची मला अजून हळहळ वाटते. बरी झाली असं मी तिच्याबद्दल म्हणतही नाही, कारण विषाणू तिघींच्याही अंगात आहे आणि राहणार आहे. दगदग कमी ठेवायची, गाभण घोडी वेगळी बांधायची, नवीन घोडी आधी लांब ठेवायची, एवढंच आपल्या हातात असतं. जनूभाऊ आता हे मुरबाडच्या बाकीच्या घोडेवाल्यांना सांगतात, मोगराचं नाव घेऊन सांगतात. त्यापायी त्यांच्या वराती कमी झाल्या.

मुदत संपल्यावर मी शेवटची तपासणी केली त्या दिवशी दिलीपराव चंपाला न्यायला आले होते. घोडी टेम्पोत चढवून झाली, फळी लागली, आणि मग ते म्हणाले, "पाव्हणं, पोरीच्या लग्नात नवरदेव मोगरावर येणार."

जनूभाऊ चपापले. "खुळे झाल्यात काय? आता सगल्यांना कळलाय. तुमचे व्याही काय म्हनतील?"

"मी बोललोय त्यांच्याशी. समदं सांगितलंय."

जनूभाऊ माझ्याकडे वळले, मी तरी नाही म्हणेन या आशेने. मी म्हटलं, मोगराशिवाय दुसरा घोडा नको, बग्गी नको, टेम्पो सकाळी गारव्यात काढा आणि तिला आदल्या दिवशी नेऊन विश्रांती द्या.

लग्नाला मी गेले होते. जनूभाऊ मोगराचा लगाम धरून मान खाली घालून चालत होते, लोक काय बोलताहेत ते ऐकायची तयारी करून आल्यासारखे. मांडवाच्या दाराशी सुमी ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. नवरदेवाने कपाळ पुढे केलं. सुमीने त्याला हातानेच थांबवलं, आणि पहिलं कुंकू मोगराच्या कपाळाला लावलं.